गृहस्थाचे तिसरे सुख



अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा मोठा श्रेष्ठी. जेतवन विहार त्यानेच संघाला दिला. अशा धनवान माणसाला भगवान बुद्धांनी एकदा गृहस्थाची चार सुखे सांगितली. अंगुत्तर निकायात ती आहेत. पहिले सुख म्हणजे घाम गाळून, सचोटीने मिळविलेले धन जवळ असणे. दुसरे म्हणजे त्या धनाचा स्वतः उपभोग घेणे आणि त्यातून सत्कृत्य करणे. तिसरे म्हणजे कोणाचेही, थोडे किंवा फार, ऋण डोक्यावर नसणे. आणि चौथे म्हणजे काया, वाचा व मनाने निर्दोष असणे. पहिली तिन्ही सुखे मिळूनही चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाला पुरत नाहीत, असेही तेथे म्हटले आहे.

आपल्या विहारात पहिल्या सुखावर बोलले जाते, चौथ्यावर तर पुष्कळच बोलले जाते. तिसऱ्यापाशी आले की वक्ता जरा घाईने पुढे सरकतो. समोर बसलेल्या उपासकांपैकी कितीजणांच्या खिशात थकलेल्या हप्त्याची नोटीस आहे, हे त्याला ठाऊक असते. कधी कधी तशीच एक त्याच्याही खिशात असते. म्हणून आज या तिसऱ्या सुखाविषयीच बोलावयाचे आहे, आणि तेही एकाच प्रश्नाच्या अंगाने. आता हे कर्ज हातात घेऊन निस्तरलेच पाहिजे, ती वेळ आली आहे, हे माणसाला कशावरून कळावे?

बहुतेकांचे उत्तर असे की, सावकार दारात येऊन उभा राहिला म्हणजे वेळ आली. हे उत्तर चुकीचे आहे. सावकार दारात येतो तेव्हा वेळ येऊन कधीच निघून गेलेली असते.

प्रथम एक गोष्ट साफ करू. कर्ज काढणे हे पाप नव्हे, आणि कर्जबाजारी होणे हे मागील जन्मीच्या कर्माचे फळही नव्हे. दारिद्र्य हे पूर्वजन्मीचे भोग आहेत, ही शिकवण ज्यांनी आपल्याला शतकानुशतके पाजली त्यांची सोय त्यातून होत होती. ती आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला टाकून दिली. परंतु कर्जाचा विषय निघाला की आपल्याही तोंडून ‘नशिबात होतं’ असे सहज निघून जाते. नशिबात काही नव्हते. इस्पितळाचे बिल होते, पाऊस पडला नव्हता, कारखाना बंद पडला होता, किंवा लग्नाचा मांडव ऐपतीपेक्षा मोठा घातला होता. प्रत्येक कर्जाला कारण असते. कारण नेमके सांगता आले तरच निवारणाची भाषा बोलता येते. पण ‘नशीब’ म्हटले की कारणाकडे पाहावे लागत नाही, आणि म्हणूनच तो शब्द आपल्याला गोड लागतो.

कारण पाहिले की सगळी कर्जे सारखी नसतात, हेही दिसते. सुभेदार रामजींची पेन्शन तुटपुंजी होती. भीमरावांना पुस्तक हवे असले आणि हातात पैसा नसला की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, एखादा दागिना मागून घेत, तो गहाण टाकून पुस्तक आणीत, आणि पेन्शन मिळताच दागिना सोडवून लेकीला परत करीत. स्वतः बाबासाहेबांनीच ही आठवण सांगितली आहे. पुढे १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातील पगारातून टाकलेली शिल्लक होती, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य होते, आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्जही होते. त्या काळचे पाच हजार म्हणजे लहान रक्कम नव्हे. या कर्जाला कोण उधळपट्टी म्हणेल?

रामजींच्या व्यवहारात तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. कर्ज कशासाठी, ते ठरलेले होते. फेडावयाचे कशातून, तेही ठरलेले होते. आणि लेकीपासून काही लपविलेले नव्हते. दागिना तिच्या हातूनच घेतलेला होता. तिसऱ्या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

आता अवघड भागाकडे वळू. खर्च कमी करा असे सांगणारे पुष्कळ असतात. त्यांतले बरेचसे असे की ज्यांच्या आजोबाला कोणी पायात वहाण घालून गावातून चालल्याबद्दल मारले नाही. आपल्या वाडवडिलांना नवे कपडे घालण्याची, तांब्यापितळेची भांडी वापरण्याची, अंगावर सोने घालण्याची आणि नवरदेवाला घोड्यावरून गावातून मिरविण्याची ठिकठिकाणी बंदी होती. ज्याला पिढ्यानपिढ्या ‘हे तुझ्यासाठी नाही’ असे सांगितले गेले, त्याच्या हातात पगार आला आणि त्याने मुलीच्या लग्नात घोडा, बँड, पाच पक्वान्ने केली, तर ती नुसती हौस नसते. तो एक जबाब असतो. गावाला दिलेला जबाब. ही भूक मी समजू शकतो, आणि तिला हसणाऱ्याचा मला राग येतो.

खुद्द तथागतांनीही या भुकेला हिणविले नाही. कोलिय कुळातील दीघजाणु नावाचा गृहस्थ त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, भगवन्, आम्ही संसारी माणसे, बायकामुलांच्या गराड्यात राहतो, काशीचे चंदन लावतो, सोने-रुपे बाळगतो. आम्हाला झेपेल असा, आमच्या हिताचा धम्म सांगा. भगवंतांनी त्याला चंदन पुसून ये असे सांगितले नाही. उद्योग करावा, मिळविलेले राखावे, चांगल्या माणसांची संगत धरावी आणि समजीविता पाळावी, असे सांगितले. समजीविता म्हणजे आवक व जावक पाहून, फार उधळून नव्हे आणि फार आखडूनही नव्हे, असे बेताचे जगणे. तागडी धरणारा जसे कोणते पारडे किती झुकले हे पाहतो, तसे गृहस्थाने आपल्या मिळकतीकडे व खर्चाकडे पाहावे. मिळकत थोडी आणि राहणी थाटाची असेल, तर लोक त्याला उंबराची फळे खाणारा म्हणतात, अशी उपमा तेथे आली आहे. उंबराचे झाड गदागदा हलविले की ढीगभर फळे खाली पडतात, पोटात जातात मोजकी, आणि बाकीची मातीत जातात. आणि मिळकत मोठी असून जो उपाशी जगतो, त्यालाही तेथे नावे ठेवली आहेत. म्हणजे प्रश्न चंदनाचा नाही. चंदन कोणाच्या पैशाने लावले, हा प्रश्न आहे.

बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आपल्या आयाबहिणींपुढे केलेले भाषण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्यांनी स्त्रियांना वेष बदलावयास सांगितला. लुगडे वरिष्ठ वर्गातील बायकांप्रमाणे नेसा म्हणाले. म्हणजे दिसण्याला महत्त्व आहे, हे त्यांना पुरेपूर ठाऊक होते. पण त्याच भाषणात गळ्यातल्या ढीगभर गळसऱ्या आणि हातातले कोपरापर्यंतचे कथलाचे व चांदीचे दागिने काढून टाका, त्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखू येते, असेही त्यांनी बजावले. एक गळसरी पुरे. दागिना घालावयाचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालू नका. कपडा फाटका असला तरी चालेल, तो स्वच्छ असावा. असा वेष सुधारण्यासाठी कोणा स्त्रीला सावकाराकडे जाण्याची गरज नव्हती. पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत ते याहून स्पष्ट बोलले. लग्न ही जबाबदारी आहे, ती पेलण्याची आर्थिक ताकद येण्यापूर्वी मुलांवर लादू नका, असे त्यांचे सांगणे होते.

आज आपण काय करतो? धर्मांतराबरोबर जत्रा गेली, नवस गेला, कोंबडेबकरे गेले, गोंधळ-जागरण गेले, पितरांचे जेवण गेले. बावीस प्रतिज्ञांनी एवढे दरवाजे बंद केले. हिशेबाने पाहिले तर प्रत्येक बौद्ध घरात काही पैसा शिल्लक पडावयास हवा होता. काही घरांत तो पडला, आणि त्या घरांतील मुले शिकली. हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण कितीतरी घरांत देव गेला आणि देव्हाऱ्याचा खर्च तसाच राहिला. मंगल परिणय विधी अर्ध्या तासाचा, त्याला लागते बुद्धमूर्ती, बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्ती, उदबत्ती, फुले आणि दोन पांढरे पोशाख. त्याच्या आदल्या रात्री हळद मात्र अशी की डीजेचे भाडे, मटणाची जेवणावळ आणि ड्रोनचे चित्रीकरण मिळून मुलीच्या दोन वर्षांच्या कॉलेजची फी जाते. विधी आपला आणि खर्च त्यांचा! कोणी विचारले तर उत्तर तयार असते की, लोक काय म्हणतील?

हे लोक कोण, हे एकदा शांतपणे पाहा. पूर्वी ते गावातले होते. ते आता तुमच्या मांडवात येतही नाहीत. आता लोक म्हणजे आपलीच भावकी, आपलेच सोयरे, आणि त्यांनीही त्यांच्या मुलांची लग्ने तुमच्याकडे पाहूनच, कर्ज काढूनच केलेली. दोघेही एकमेकांना जबाब देत बसले आहेत आणि मधल्यामध्ये व्याज तिसराच खातो. गावाला दिलेला जबाब मी समजू शकतो असे वर म्हटले. हा जबाब मात्र मला समजत नाही. उसन्या घोड्यावर बसलेल्या नवरदेवाचा लगाम घोड्याच्या मालकाच्या हातात असतो.

आणि ही साधी गोष्ट नाही, कारण आपण गुलामी म्हणजे काय ते जाणणारी माणसे आहोत. महार वतन काय होते? तुकडाभर जमीन आणि बलुत्याच्या बदल्यात सगळ्या जातीचे श्रम, रात्र नाही दिवस नाही, सरकार व गाव यांच्याकडे गहाण. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले, आणि कनिष्ठ ग्राम वतने नष्ट करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडले. वेठबिगारी नष्ट करणारा केंद्राचा कायदा १९७६ चा. त्याने वेठीला बांधणारी जुनी कर्जेच रद्द करून टाकली, कारण माणसाला बांधणारा दोर कर्जाचाच होता. आता ज्याने पुढल्या तीन वर्षांचा पगार हप्त्यांत आधीच लिहून दिला आहे, तो मुकादमाशी भांडू शकेल काय? अन्याय झाला म्हणून नोकरी सोडू शकेल काय? मोर्चाला जाण्यासाठी एक खाडा करू शकेल काय? तो मनात असूनही मान वर करणार नाही. त्याची मान हप्त्याच्या तारखेला बांधलेली आहे.

अंगुत्तर निकायातच ऋणावर एक स्वतंत्र सुत्त आहे. संसारी माणसाला दारिद्र्य दुःखकारक आहे, येथून भगवान सुरुवात करतात. दरिद्री माणूस ऋण काढतो, ते दुःख. ऋण काढून व्याज कबूल करतो, ते दुःख. व्याज वेळेवर देत नाही म्हणून तगादा लागतो, ते दुःख. तगाद्याला पुरा पडत नाही म्हणून पाठलाग होतो, आणि शेवटी बेडी पडते. ही साखळी अडीच हजार वर्षांपूर्वीची असली तरी एक कडीदेखील बदललेली नाही, हे तुम्ही पाहताच आहात. पण त्या सुत्ताचा पुढचा भाग अधिक बारकाईने ऐका. ज्याच्याजवळ श्रद्धा नाही, लाज नाही, उद्यम नाही, प्रज्ञा नाही तो धम्माच्या दृष्टीने दरिद्री. त्याने केलेले दुष्कृत्य हे त्याचे ऋण. आणि ते दुष्कृत्य झाकण्यासाठी तो जे करतो, कोणाला कळू नये असे जे मनात धरतो, त्याला भगवान व्याज म्हणतात.

लपविणे म्हणजे व्याज. मला वाटते, वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ऋण ही दुष्कृत्याची उपमा म्हणून आली आहे हे खरे. पण उपमा उलटी फिरवून खऱ्या कर्जाला लावली तर ती तंतोतंत बसते. कर्ज कितीही असो, नवराबायकोला, घरातल्या मोठ्यांना ते आकड्यासकट माहीत आहे तोवर ते केवळ कर्ज आहे. ज्या दिवशी त्यातला एक रुपया घरात लपवावा लागला, त्या दिवसापासून दुसरे व्याज चालू झाले, आणि निस्तरण्याची वेळ तीच. नवऱ्याने मोबाईलवरून कर्ज घेतले आणि बायकोला सांगितले की पगार उशिरा झाला. बायकोने महिला गटाचे एक कर्ज फेडण्यासाठी दुसऱ्या गटाचे घेतले आणि नवऱ्याला सांगितले की बचतीचे पैसे आले. पोत गहाण पडली आणि विचारणाऱ्याला सांगितले की चोरीच्या भीतीने बँकेत ठेवली. प्रत्येक उत्तर टिकविण्यासाठी आणखी एक उत्तर लागते. आणि सर्वांत वाईट क्षण तो, जेव्हा दाराशी वसुलीवाला उभा असताना सातवीतल्या मुलाला पुढे करून ‘बाबा घरी नाहीत’ असे म्हणावयास लावतात. त्या मुलाला रविवारी विहारात मुसावादा वेरमणी म्हणावयास आपणच शिकविले आहे. तो ते सोमवारी दारात उभा राहून मोडतो, आपल्या आज्ञेवरून.

कोणी म्हणेल की हे सगळे शीलाचे बोलणे झाले, पैशाचे काय? पैशाचेही तेच आहे. सावकाराचा दर शेकडा पाच रुपये महिना असतो असे धरा. अनेक ठिकाणी तो याहून जास्त आहे. एक लाखावर दरमहा पाच हजार व्याज. वीस महिने तुम्ही न चुकता ते भरले. एक लाख गेले आणि मुद्दल एक लाख जागच्या जागी! तेच एक लाख बँकेकडून किंवा पगारदारांच्या पतसंस्थेकडून वर्षाला बारा टक्क्यांनी वीस महिन्यांसाठी घेतले, तर हप्ता येतो सुमारे साडेपाच हजार, आणि विसाव्या महिन्यात मुद्दल-व्याज दोन्ही संपते. पाचशे-साडेपाचशे रुपयांचा हा फरक. लोकांना हे कळत नाही असे नाही. पण पतसंस्थेत जामीनदार लागतो, त्याला सांगावे लागते, पगाराचा दाखला द्यावा लागतो, चारजणांना कळते. सावकार कोणाला सांगत नाही. मोबाईलवरचे कर्ज तर पाच मिनिटांत, अंथरुणात पडल्यापडल्या, कोणाला न कळता मिळते. म्हणजे जास्तीचे व्याज आपण पैशासाठी देत नाही, गुप्ततेसाठी देतो. क्रेडिट कार्डाचेही तसेच. बहुतेक कार्डांवर थकबाकीला महिना तीन ते पावणेचार टक्के लागतात, आणि बिलावर लिहिलेली ‘किमान रक्कम’ भरून गप्प राहता येते. म्हणून वर्षे जातात आणि ते संपत नाही.

यावर करावयाचे काय, ते फार थोडे आहे, पण पहिले पाऊल जड आहे. दोघांनी समोरासमोर बसून एक वही करा. कोणाचे, किती, कोणत्या दराने, काय गहाण आहे, किती फेडले. किराणा दुकानाची उधारी आणि मेहुण्याकडून घेतलेले हातउसने तेवढेच लिहा, जेवढे बँकेचे लिहाल. हातउसन्याला व्याज नसते म्हणून आपण ते कर्जात धरत नाही, आणि नाते त्यापायी तुटते. वही पुरी झाल्याशिवाय एकमेकांना दोष द्यावयाचा नाही. नंतर द्या, हवा असेल तर. मग ज्याचा दर सर्वांत जास्त ते आधी फेडा. घरात सोने पडून असेल आणि बाहेर शेकडा पाचचे कर्ज असेल, तर ते सोने मोडून कर्ज संपवा. डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्या. जुन्यासाठी नवे कर्ज घ्यावयाचे ते एकाच अटीवर, की नव्याचा दर जुन्याच्या निम्म्याहून कमी असावा आणि जुने त्याच दिवशी बंद व्हावे.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक उपभोगाला, दोन उद्योगधंद्यात, आणि चौथा आपत्तीसाठी राखून. महिना आठ-दहा हजारांवर घर चालविणाऱ्या माझ्या भगिनीला मी हे अपूर्णांक जसेच्या तसे सांगितले तर ती हसेल, आणि तिचे हसणे बरोबर असेल. पण एक भाग उपभोगाला, हे लक्षात घ्या, शून्य नव्हे. मुलाला वाढदिवसाला काही गोड आणू नका असे सुत्त सांगत नाही. आणि आपत्तीचा भाग वेगळा ठेवावयाचा, तो कितीही लहान असो. महिना दोनशे का होईनात, पण गटात वा पोस्टात पडले तर पहिल्या आजारपणात सावकाराची पायरी टळते. याच सुत्तात धन नासण्याची सहा दारे सांगितली आहेत, त्यांत मद्य आणि जुगार आहेत. दारूवर मी येथे लिहीत नाही. जेथे ती आहे तेथे वही लिहून उपयोग नाही, आधी तिचेच पाहावे लागेल. जुगार आता मोबाईलमध्ये शिरला. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, परंतु कायदा झाला म्हणून तरुणाच्या खिशातला खेळ लगेच निघतो असे समजू नका.

विहाराच्या कार्यासाठी, जयंतीच्या वर्गणीसाठीही कर्ज काढू नका, हे मी धाडसाने लिहितो. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी विसावा हिस्सा मागितला तो प्राप्तीचा. उसनवारीचा नव्हे.

मग सावकाराचे बुडवावे काय? येथे धम्माचा निवाडा स्पष्ट आहे. विनयपिटकात कथा आहे की एक ऋणको पळून जाऊन भिक्खू झाला. धनकोंनी त्याला ओळखले, लोकांत कुरबूर झाली, आणि भगवंतांनी नियम केला की ऋणकोला प्रव्रज्या देऊ नये. आजही उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला जे प्रश्न विचारले जातात, त्यांत ‘तू अनृण आहेस ना?’ हा एक असतो. चीवर पांघरल्यानेही कर्ज फिटत नाही. घेतलेले मुद्दल आणि रास्त व्याज दिलेच पाहिजे. पण नाडणूक सोसणे म्हणजे सचोटी नव्हे. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा नवा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा त्याखाली गुन्हा असून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सावकारीपोटी जमीन लिहून घेतली असेल तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करा. चौकशी करून ती परत देवविण्याचा अधिकार त्याला आहे. बँका व वित्तसंस्थांच्या वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, शिवीगाळ व धमकी करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे आदेश आहेत. कर्ज घेतानाच वर्षाचा एकूण दर व सर्व आकार दाखविणारे पत्रक मागून घ्या. ते देणे त्यांना बंधनकारक आहे. मोबाईलवरून कर्ज देऊन तुमचे फोटो नातेवाइकांना पाठविण्याची धमकी देणारी टोळी ही सावकारही नव्हे. ते गुन्हेगार आहेत. १९३० या क्रमांकावर व पोलिसांत तक्रार करा. ज्याने घरात आधीच सर्व सांगितले आहे, त्याला अशा धमकीची भीती निम्मीच उरते, हे वेगळे सांगावयास नको.

एखादा वाचक असा असेल की ज्याला हे वाचताना, आता सांगण्याची वेळही गेली, असे वाटत असेल. कर्जापायी आपल्या राज्यात कितीतरी शेतकऱ्यांनी जीव दिला आहे. बंधो, तुझे कर्ज तुझ्या बायकोला आज कळले तर ती रागावेल, रडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. ते तिसऱ्या दिवशी कळले आणि तू नसलास, तर कर्ज तेवढेच राहील आणि ते एकटीने मोजावयास ती उरेल. आज रात्रीच सांग. एकट्याने सांगणे जमत नसेल तर विहारातल्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन जा.

आणि मुलांपासून लपवू नका. त्यांना कळत नाही हा आपला भ्रम आहे. दारात जाऊन उत्तर द्यावयास आपण त्यांनाच तर पाठविले होते. वही करावयास बसाल तेव्हा नववी-दहावीतल्या मुलीला जवळ बोलवा. टक्केवारी आणि चक्रवाढ व्याज तिने शाळेत केलेले असते, आणि तिचे अक्षर बहुधा तुमच्यापेक्षा बरे असते. आकडे तुम्ही सांगा, तिला लिहू द्या. कोणते कर्ज आधी फेडावे हे तिलाच काढू द्या, आणि येत्या उन्हाळ्यात घरात कार्य असेल तर त्याचा अंदाजही त्याच वहीच्या पुढच्या पानावर, तिच्यासमोर, मांडा.